शालोंच्या नावाने विकली जाणारी चित्रं आणि ब्रिटिश म्युझियमची स्टडी रूम

व्हिक्टोरियन काळातली जलरंगातली माणसांची छोटी चित्रं लंडनच्या आसपासच्या लिलावांत अजूनही साध्या माणसाच्या आवाक्यात आहेत. उभी तरुणी, हातात पंखा, खांद्यावरून घसरलेली शाल, मागे पडद्याचा नुसता इशारा, कागद जेमतेम वीतभर. त्यांतल्या बऱ्याच चित्रांखाली शालोंसारख्या कुणा तरी दरबारी चित्रकाराचं नाव असतं आणि त्या नावामुळे किंमत दुप्पट-तिप्पट झालेली असते. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने त्या नावावर किती विश्वास टाकायचा, हे ठरवायला या शहरात एक जागा आहे आणि तिथे एक पैसाही लागत नाही. ती म्हणजे ब्रिटिश म्युझियमची प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज स्टडी रूम. म्युझियमला दरवर्षी लाखो लोक येतात, ममी बघतात, रोझेटा स्टोनसमोर गर्दी करतात आणि या खोलीवरून पुढे निघून जातात. आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी तिथे जाऊन आल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सांगलीकडच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं आणि त्यांचे पाण्याने फुगलेले कागद यांत नोकरी गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे हॅरोला आलो आणि इथे हा नाद लागला. माझ्याकडे मोठा संग्रह नाही. पण जलरंगात हात कुठे अडखळला आणि कुठे सुटला, हे कागदाकडे बघून कळतं, आणि या नादात तेवढ्या भांडवलावर बरंच करता येतं.

म्युझियमच्या या विभागात सुमारे ५०,००० ड्रॉइंग्ज आणि २० लाखांहून जास्त प्रिंट्स आहेत. जलरंगातली चित्रं ड्रॉइंग्जमध्येच धरतात. कागदावरचं काम कायम उजेडात ठेवता येत नाही, त्यामुळे भिंतीवर फार थोडं लागतं, बाकीचं पेट्यांमध्ये असतं. आधी वेळ ठरवायची, हव्या त्या चित्रांचे क्रमांक कळवायचे. मग ती चित्रं तुमच्यासमोर टेबलावर येतात. मध्ये काच नसते. चित्राच्या शेजारी हवा तेवढा वेळ बसता येतं. ज्याने फक्त पुस्तकातल्या किंवा मोबाईलवरच्या छायाचित्रांवरून जलरंग बघितले आहेत, त्याला याचं मोल पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

आता मी तिथे कशासाठी गेलो ते सांगतो.

आल्फ्रेड एडवर्ड शालों हा माझा आवडता. १७८० साली जिनिव्हात जन्म, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण, १८१६ मध्ये त्याच अकॅडमीचा पूर्ण सदस्य. थोरला भाऊ जॉन जेम्स हाही चित्रकार. दोघांनी लग्न केलं नाही, शेवटपर्यंत एकत्र राहिले. १८०८ साली या भावांनी मित्रांना घेऊन एक स्केचिंग सोसायटी काढली. संध्याकाळी जमायचं, कुणीतरी विषय द्यायचा आणि उठायच्या आत प्रत्येकाने चित्र पुरं करायचं. शालोंच्या हाताची सफाई कुठून आली, ते या बैठकांवरून समजतं.

१७ जुलै १८३७ रोजी व्हिक्टोरिया राणी म्हणून पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये गेली. त्या प्रसंगाच्या राजवस्त्रांतलं तिचं चित्र शालोंने केलं आणि राणीने ते आपल्या आईला, डचेस ऑफ केंटला दिलं. सॅम्युएल कझिन्सने त्याचं एनग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) केलं आणि पुढे त्यावरून वसाहतींची टपाल तिकिटं निघाली. कॅनडाचं १८५१ चं बारा पेन्सचं काळं तिकीट आणि न्यूझीलंडची १८५५ ची पहिली तिकिटं त्यांतलीच. आपल्याकडे तिकिटं जमवणाऱ्यांनी ‘शालों हेड’ हे नाव नक्की ऐकलं असेल. राणीने त्याला जलरंगातला आपला पोर्ट्रेट पेंटर नेमलं. फोटोग्राफीमुळे तुमचा धंदा बसेल का, असं राणीने विचारलं तेव्हा फोटोला माणसाला खूश करता येत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं, असा किस्सा सांगतात. १८६० साली तो गेला.

त्याची जलरंगातली पोर्ट्रेट्स साधारण दहा इंच उंचीची. पूर्ण उभी आकृती, बारीक कंबर, छोटे हात-पाय, रेशीम, लेस, फिती. पुढच्या पिढीला ही नजाकत वरवरची वाटली आणि त्याचं नाव मागे पडलं. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. ओल्या रंगात सॅटिनची चुणी एका फटक्यात बसवायची आणि त्याच आकृतीच्या चेहऱ्यावर बारीक टिंबांनी गाल भरायचे, हे दोन्ही एकाच हाताला साधणं फार कठीण असतं. वर्गात मी मुलांना यातलं एकही नीट शिकवू शकलो तरी समाधान मानायचो.

शालोंच्या नावाने इतकी चित्रं का फिरतात, याचं कारण त्याच्या लोकप्रियतेत आहे. रिचर्ड जेम्स लेनसारख्या लिथोग्राफरांनी, म्हणजे दगडावर काढून चित्र छापणाऱ्यांनी, त्याच्या चित्रांवरून प्रिंट्स काढले आणि ते घरोघर गेले. १८४५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रंगमंचावर ताग्लिओनी, ग्रिसी, चेरिटो आणि ग्रान या चार नर्तिका एकत्र नाचल्या. त्या ‘पा द कात्र’चं सगळ्यांच्या ओळखीचं चित्र म्हणजे शालोंवरून मॅग्वायरने केलेला लिथोग्राफच. त्या काळी सुखवस्तू घरांतल्या मुलींना जलरंग शिकवायला मास्तर यायचे आणि असे प्रिंट्स समोर ठेवून नकला करून घ्यायचे. त्या नकला काही टाकाऊ नव्हत्या. त्यांतल्या चांगल्या आज दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी जुन्या फ्रेममध्ये बाहेर येतात आणि पाठीवर कुणीतरी शाईने ‘शालों’ लिहिलेलं असतं. काही वेळा तर ती नक्कलसुद्धा नसते, हाताने रंगवलेला लिथोग्राफच असतो.

मी ज्या चित्राच्या मागे होतो ते एका गावातल्या लिलावगृहात आलं होतं. त्यांचं नाव सांगत नाही. बॉल-ड्रेसमधली तरुणी, हातात मिटलेला पंखा, खांद्यावर काळी लेस. पेन्सिल, जलरंग आणि पांढऱ्याचा उठाव. वर्णनात ‘अट्रिब्यूटेड टू ए. ई. शालों’. लिलावांच्या कॅटलॉगमध्ये अशा शब्दांची उतरंड ठरलेली असते आणि ती पाठच करावी लागते. नुसतं नाव असेल तर ते काम त्याचंच असं लिलावगृहाचं मत. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या भोवतालच्या कुणाचं. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या ढंगाचं, बऱ्याचदा खूप नंतरचं. ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. ‘साइन्ड’ आणि ‘बेअर्स सिग्नेचर’ यांतही मोठं अंतर आहे. दुसऱ्यात सही आहे एवढंच ते सांगतात, ती त्याची आहे असं म्हणत नाहीत. वर यातलं बहुतेक सगळं ‘मत’ म्हणूनच दिलेलं असतं, हमी म्हणून नाही.

मला राग आला तो त्यांच्या वागण्याचा. एकच फोटो, तोही काचेत खोलीचा दिवा चमकणारा. फ्रेमच्या पाठीचा फोटो मागितला तर ‘वेळ नाही’. कंडिशन रिपोर्टमध्ये ‘सर्वसाधारणपणे चांगली’ एवढंच. चित्राला नाव लावायचं असेल तर ते कशावरून लावलं हे दोन ओळींत सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. शेवटी बघण्याच्या दिवशी स्वतः गेलो.

तिथे हातात काच घेऊन काय बघायचं ते नव्याने या नादात पडणाऱ्यांसाठी सांगतो. दहापट मोठं दाखवणारी साधी घडीची काच पुरते. ती आधी गालावर धरायची, कपड्यावर नाही. लिथोग्राफ दगडावर तेलकट खडूने काढतात. त्या दगडाला बारीक रवाळपणा असतो आणि तो प्रिंटमध्ये उतरतो. वरून कितीही रंग चढवा, गालाच्या सावलीत ते सारखे, काळसर कण दिसतातच. मुळातल्या जलरंगात तिथे ब्रशची टिंबं दिसतात, लहान-मोठी, काही एकमेकांत मिसळलेली, आणि त्यांचा रंग काळा नसतो. या चित्रात टिंबं होती. म्हणजे प्रिंट नव्हता.

मग लेसवरचा पांढरा. विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८३४ साली ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आणला, तो जस्ताचा. त्याआधी चित्रकार शिशाचा पांढरा वापरायचे आणि तो हवेतल्या गंधकयुक्त वायूने काळवंडतो. ज्या जुन्या चित्रांत मोत्याच्या माळा काळ्या पडल्यात, तिथे हेच झालेलं असतं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली जस्ताचा पांढरा पिवळसर-हिरवा चमकतो. टायटॅनियमचा तसा चमकत नाही, आणि तो विसाव्या शतकातला. कागद निळा-पांढरा झगझगीत उजळला तर समजायचं की त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेली रसायनं आहेत. इथे पांढरा पिवळसर-हिरवा चमकला, कागद मलूल राहिला. काळ जुळत होता. हात कुणाचा, हे मात्र टॉर्च सांगत नाही. त्यासाठी खात्रीचा शालों बघायला हवा होता.

ब्लूम्सबरीत म्युझियमच्या मागच्या बाजूला, माँटेग्यू प्लेसवरून शिरलं की हा भाग जवळ पडतो. किंग एडवर्ड सातवा यांच्या नावाची ही इमारत १९१४ ची. वर दालन ९० आहे, तिथे कागदावरच्या कामांची बदलती प्रदर्शनं असतात, आणि स्टडी रूम तिथेच. सामान बाहेर ठेवायचं, हात धुवायचे, आत फक्त पेन्सिल न्यायची. उंच खोली, पेट्यांनी भरलेली कपाटं, चित्र टेकवायला स्टँड. त्या पेट्यांना सोलँडर बॉक्स म्हणतात. डॅनियल सोलँडर हा कॅप्टन कुकबरोबर सफरीवर गेलेला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ, नंतर याच म्युझियमच्या नोकरीत होता. त्याच्या नावाची पेटी अडीचशे वर्षांनी त्याच्याच घरात रोज उघडते-मिटते.

शाळेच्या कपाटात चार्ट गुंडाळून, रबर लावून ठेवायची आम्हाला सवय. इथे प्रत्येक कागद ठरावीक मापाच्या माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्यात), कडेला धरूनच उचलायचा, एका वेळी एकच समोर. पहिल्यांदा गेलात तर तिथली माणसं सगळं समजावून सांगतात, आवाज न चढवता. मी माझ्या मोबाईलमधल्या फोटोंची चित्राच्या मूळ आकाराएवढी प्रिंट काढून नेली होती. हे प्रत्येकाने करावं. लहान पडद्यावर सगळेच चित्रकार चांगले दिसतात.

शालोंची जलरंगातली कामं समोर आली आणि मी आधी चेहरे सोडून काळे भाग बघितले. गडद कपड्यात तो रंगात गम अरेबिक, म्हणजे डिंक, वाढवतो. चित्र थोडं तिरकं केलं की तेवढाच भाग ओला असल्यासारखा चकाकतो आणि बाकी कागद मॅट राहतो. फोटोत हे कधीच येत नाही. मग लेस. लेसचं एकेक भोक तो काढत बसत नाही. सुक्या ब्रशची एक ओढ, मध्ये कुठेतरी रंग टिपून घेतलेला, वर पांढऱ्याचे चार-पाच ठिपके, तेही उजेड पडतो तिथेच. जवळून बघितलं तर गोंधळ आहे, हातभर लांब गेलं की लेस. माझ्या फोटोतल्या चित्रात प्रत्येक वेटोळं दुसऱ्यासारखं होतं, खांद्यापासून कोपरापर्यंत एकाच मापाचं. ते करणाऱ्याला लेस माहीत होती आणि तिच्यावर त्याचं प्रेमही होतं. पण तो हात शालोंचा नव्हता.

हातांच्या बाबतीत तर प्रश्नच उरला नाही. शालोंचे हात लहान, जरा जास्तच लहान, पण मनगट वळतं तिथे पेन्सिल एकदाच जाते. माझ्या चित्रात पंखा धरलेल्या बोटांखाली पेन्सिलच्या तीन-तीन रेषा होत्या आणि रंगाने त्या झाकायचा प्रयत्न केलेला.

या खोलीत कुणी तुम्हाला ‘हो, हे अस्सल आहे’ असं सांगणार नाही. म्युझियम किंमत सांगत नाही, आणि मी ती विचारायला गेलोही नव्हतो. मात्र मी काय शोधतोय हे कळल्यावर तिथल्या एका बाईंनी लेनच्या लिथोग्राफांचीही पेटी बघा असं सुचवलं, आणि त्या सूचनेने माझं काम निम्मं झालं. मूळ चित्र आणि त्यावरून केलेला प्रिंट शेजारी ठेवले की नक्कल कशी चालते ते दिसतं. लिथोग्राफर रेशमाची चमक खडूच्या सावल्यांत बसवतो. प्रिंटवरून जलरंग करणाऱ्याच्या हातात मग त्या सावल्याच येतात, चमक येत नाही. त्यामुळे त्याचं रेशीम थोडं लोकरीसारखं दिसतं. माझ्या चित्रातल्या स्कर्टची अडचण नेमकी हीच होती, आणि ती शब्दांत कशी मांडायची हे मला तोपर्यंत जमत नव्हतं. एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. छापताना चित्राची डावी-उजवी बाजू उलटते. काही कारागीर दगडावरच उलटं काढून ते सरळ करून घ्यायचे, काही नाही. बाजारात आलेलं चित्र मूळ चित्राच्या उलट आणि प्रिंटच्या बाजूने असेल, तर ते प्रिंटवरून केलंय हे सहसा तिथेच ठरतं.

या पेट्यांनी मला सगळ्यात मोठा धडा दिला तो रंग उडण्याबद्दल. बाजारातल्या या काळच्या स्त्रियांचे चेहरे पांढुरके, आजारी असल्यासारखे दिसतात. विकणारे त्याला ‘नाजूक रंगसंगती’ म्हणतात. खरं तर कार्माइन आणि क्रिमसन लेक हे लाल रंग उजेडात उडून जातात. इंडिगोही उडतो, मग करड्या आभाळात नुसता तांबूसपणा मागे राहतो. इंग्लंडमध्ये यावर एवढा वाद झाला की १८८८ साली रसेल आणि कॅप्टन ॲबनी यांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा सरकारी अहवालच दिला. उजेडापासून सांभाळलेला शालोंचा गाल बघा. तिथे रक्त आहे. ओठांची लाली कडांना थोडी पसरली आहे, कानाच्या पाळीला गुलाबी झाक आहे. एकदा हा गाल डोळ्यांत बसला की भिंतीवर शंभर वर्षं लटकलेल्या चित्राकडे बघताना काय गेलंय याचा हिशेब मनातल्या मनात करता येतो.

एरवी याचा पुरावा माउंटच्या कडेखाली मिळतो. खिडकीसारखं कापलेलं माउंट चित्राच्या कडेवर दोन-तीन मिलिमीटर चढलेलं असतं. तेवढ्या पट्टीला उजेड लागत नाही. फ्रेम उघडल्यावर ती पट्टी गडद निळी निघते आणि बाकीचा पडदा राखाडी. घेण्याआधी फ्रेम उघडून मिळत नाही, पण माउंट जरा सरकलेलं असेल तर काच तिरकी धरून बघावं, एखादी रेघ सापडते.

मी ते चित्र घेतलं. शालोंचं म्हणून नाही. नाव पुसून टाकलं तर मला त्याचे जेवढे द्यावेसे वाटले असते, तेवढीच बोली ठरवून गेलो होतो. नावासाठी आलेले बहुधा तो फोटो बघूनच मागे राहिले असावेत. बोलीवर लिलावगृहाचं कमिशन आणि त्यावरचा कर चढतो, तो धरूनच आकडा ठरवायला हवा. बोलीच्या पाव हिश्श्याहून जास्त भर पडते.

घरी फ्रेम उघडली. मागे लाकडाची फळी, तिच्या गाठींचे तपकिरी डाग कागदावर उतरलेले. कागद व्हॉटमन या इंग्रज कागदवाल्यांचा, उजेडासमोर धरल्यावर वॉटरमार्कमध्ये साल दिसलं, १८४६. आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने काढलेला एक हात होता. त्याच्याखाली पुन्हा तोच हात. बाजूला नुसता अंगठा. पंखा धरायची ती बोटं त्या अनामिक माणसाने, किंवा मुलीने, मागच्या बाजूला पुन्हा पुन्हा घोकली होती आणि शेवटचा हात पहिल्यापेक्षा स्पष्टपणे सुधारला होता. वर्गात अशी पानं मी हजारो तपासली आहेत. हे पान मी स्वतःजवळ ठेवणार आहे. शालोंची सही असलेलं चित्र मिळालं असतं तरी त्याच्या बदल्यात दिलं नसतं.

धुरंधरांची आठवण इथे येणं साहजिक आहे. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर, जन्म १८६७, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये याच ब्रिटिश अकॅडमिक वळणात तयार झाले आणि नंतर तिथेच शिकवत राहिले. त्यांच्या जलरंगातल्या बायकांच्या नऊवारीची चुणी आणि शालोंचं सॅटिन यांतली शिस्त एकच आहे. आकृती आधी नीट उभी करायची, मग कपड्याला तिच्यावर पडू द्यायचं. धुरंधरांच्या बायका जास्त घट्ट पाय रोवून उभ्या असतात, आणि मला त्या जास्त आवडतात. आपल्याकडच्या ज्या संग्राहकांना या काळाची गोडी आहे, त्यांनी लंडनची चित्रं बघताना हा दुवा जरूर मनात ठेवावा.

बाकीच्या दरबारी नावांबद्दल थोडक्यात. विंटरहाल्टर १८४२ पासून राणीसाठी काम करू लागला आणि त्याचं मुख्य काम तैलरंगातलं. राणीने त्याच्या चित्रांच्या प्रती इतरांकडून भरपूर करून घेतल्या. त्यामुळे ‘विंटरहाल्टर’ म्हणून आलेला छोटा जलरंग म्हणजे प्रत, असंच आधी धरून चालावं. प्रत चांगली असेल तर प्रत म्हणून घ्यावी. जॉर्ज हेटरचं वेगळं. हाउस ऑफ कॉमन्सच्या त्याच्या मोठ्या चित्रात सुमारे ३७५ माणसं आहेत आणि ते त्याने १८३३ ते १८४३ अशी दहा वर्षं केलं. एवढी गर्दी उभी करणाऱ्याने आयुष्यभर किती अभ्यास केले असतील याची कल्पना करा. ते खरोखर बाजारात येतात, आणि ते मी शालोंपेक्षाही आधी बघायला सांगेन. स्कॉटलंडच्या केनेथ मॅक्लेने १८६० च्या दशकात राणीसाठी हायलँडर पुरुषांची जलरंगातली पोर्ट्रेट्स केली. ती रॉयल कलेक्शनमध्ये आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. टार्टनचा, म्हणजे त्यांच्या चौकडीच्या कापडाचा, प्रत्येक चौकोन बरोबर आणि चेहरा मिनिएचरसारखा भरलेला. त्याच्या नावाने आलेल्या चित्रात टार्टन घडीवर वळत नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

जायचं असेल तर म्युझियमच्या संकेतस्थळावरचा कलेक्शनचा कॅटलॉग घरी बसून चाळा, हव्या त्या कामांचे क्रमांक वहीत उतरवा आणि मगच वेळ मागा. बऱ्याच नोंदींत अभ्यासकांच्या टिपा असतात, त्या वाचल्याशिवाय जाऊ नका. ओळखपत्र बरोबर घ्या. भारतातून चार-पाच दिवसांसाठी येणाऱ्यांनी तिकीट काढल्याबरोबर लिहावं, आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नये. चित्राच्या पाठीवर किंवा कोपऱ्यात छोटा शिक्का असेल तर त्याचा नीट फोटो घ्या. फ्रिट्स लुख्त यांनी १९२१ साली संग्राहकांच्या शिक्क्यांचा कोश काढला, तो आता इंटरनेटवर शोधता येतो, आणि एक अक्षरही चित्राचा जुना मालक सांगून जातं.

यादी मोठी करू नका. अर्ध्या दिवसात पाच-सहा चित्रं नीट बघून होतात, त्याहून जास्त मागवली तर पानं उलटल्यासारखं होतं. शालोंसाठी जाणार असाल तर लेनचे लिथोग्राफ आधी मागवा आणि जलरंग नंतर. प्रिंटमध्ये काय हरवतं ते एकदा लक्षात आलं की मूळ कागदावर नजर कुठे टेकवायची ते आपोआप कळतं. मी पुढच्या वेळेसाठी हेटरच्या सेपिया वॉशमधल्या (पातळ तपकिरी रंगातल्या) आकृत्यांची यादी करून ठेवली आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर खाली लिहा, एका टेबलावर दोघांना बसता येईल का ते मी आधी विचारून घेईन.